दापोलीच्या घरात पाहुणे ठेवायचेत? आधी काकूंना विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही नवरा-बायको पुण्यात नोकरी करतो. दापोली तालुक्यात समुद्राजवळ आजोबांचं कौलारू घर आहे. तिथे आमची सत्तरीची काकू एकटी राहते. दोन खोल्या आणि माडी रिकामीच असते. एअरबीएनबीसारख्या ठिकाणी टाकून त्या पर्यटकांना द्यायचा विचार आहे. पाच-सहा लाख घालायची तयारी आहे. आधी एसी बसवू की आधी चांगले फोटो काढून घेऊ?"

एसीही नको आणि फोटोही नको. आधी काकू.

तुमच्या सगळ्या प्रश्नात काकू एका ओळीत येऊन गेल्या, पण यजमान त्याच असणार आहेत. तुम्ही पुण्यात बसून फार तर बुकिंग घ्याल. दार उघडणार त्या. मी याच तालुक्यात 2014 च्या दिवाळीपासून तीन खोल्या चालवते. घर सासऱ्यांचं, माणसं आम्ही दोघं आणि मदतीला एक बाई. एवढ्या वर्षांत पाहुणे परत का आले, याचं कारण एसी असल्याचं एकदाही आठवत नाही. नाराज होऊन गेले ते मात्र बहुतेक वेळा घरात जबाबदार माणूस नव्हता म्हणून गेले.

एक रात्र सांगते, म्हणजे कल्पना येईल. डिसेंबरचा शनिवार. पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघालेलं कुटुंब पाचला पोचायचं ते साडेअकराला आलं. घाटात धाकट्या मुलीला उलट्या झालेल्या, मोठा झोपेत रडतोय, नवरा-बायकोचं गाडीतच वाजलेलं. अंगणात उतरल्या उतरल्या बाई म्हणाली, "थोडा मऊ भात मिळेल का?" मिळाला. तूप, मीठ, लिंबू. पुढचे दोन दिवस खोलीतला पंखा कुरकुरत होता, एकदा गरम पाणीही संपलं, पण त्यांची तक्रार नाही. ते कुटुंब अजून दर वर्षी येतं. आता त्या जागी सत्तरीच्या काकूंना उभं करून बघा. त्यांना हे झेपेल का? झेपलं तरी आवडेल का? त्यांची पूजा किती वाजता, न्हाणीघर त्यांचं आणि पाहुण्यांचं एकच का, ओटीवर परकी माणसं पाय पसरून बसली तर चालेल का, स्वयंपाकघरात मासे शिजतील का, हे सगळं त्यांनाच विचारा. तेही फोनवर नको. दोन दिवस जाऊन राहा आणि विचारा. फोनवर काकू "हो रे, बघू" म्हणतील, आणि कोकणात "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही.

त्या नाही म्हणाल्या तर गावातलं एखादं जोडपं पगारावर ठेवता येतं. महिन्याचा ठरावीक पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक रात्रीमागे काही रक्कम, असं केलंत तर माणूस टिकतो. नुसत्या पगारावर ठेवलं की शिमग्यात आणि लावणीच्या दिवसांत फोन लागत नाही. मात्र काकू राहत्या असताना परकं जोडपं घरात फिरणार, हेही त्यांच्या संमतीशिवाय करू नका. बाहेरून घर सांभाळून देणाऱ्या कंपन्या असतात. एकीच्या नादाला आम्हीही एक हंगाम लागलो होतो. चादरी बदलल्याचे फोटो वेळेवर यायचे, चादरी बदललेल्या नसायच्या.

आता कागद. घर आजोबांचं म्हणजे बहुधा अजून आजोबांच्याच नावावर, नाहीतर पाच-सहा जणांच्या सामायिक नावावर. सातबारा, आठ अ आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा काढा आणि त्यावरची नावं मोजा. मुंबईतल्या ज्या चुलत्यांनी वीस वर्षांत कौल बदलायला शंभर रुपये दिले नाहीत, त्यांना पहिलं बुकिंग आल्याच्या आठवड्यात घराचा पुळका येतो. हे हमखास होतं. म्हणून आधीच सगळ्यांचं लेखी संमतीपत्र घ्या. त्यातच गणपतीचे आणि मे महिन्यातले त्यांचे दिवस ठरवून टाका. आमच्याकडे गणपतीत एकही खोली बाहेर जात नाही, कारण तेव्हा घरचेच बावीस जण जमिनीवर झोपलेले असतात. ते दिवस दर वर्षी कॅलेंडरवर आधीच काट मारून ठेवतो.

समुद्राजवळ म्हणजे नेमकं किती जवळ, हे तुम्ही लिहिलं नाहीत. भरतीरेषेपासून जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम लागतात. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरच्या स्थानिकांना घरात पाहुणे ठेवायची वाट ठेवलेली आहे, पण अट अशी की असलेल्या घराचा चौथरा, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे आहे ते घर नीट करून द्या, चालतं. मागे स्लॅबच्या चार खोल्या काढायचं मनात असेल तर ते वेगळं प्रकरण. गवंड्याला बोलवायच्या आधी तहसील कचेरीत विचारून या. गवंडी कधीच नाही म्हणत नाही.

राज्याच्या पर्यटन विभागाची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तिच्यात नोंदणी करून घ्या. एअरबीएनबीसारख्या मंचावर जाहिरात टाकायला तिची गरज पडत नाही, म्हणून बरेच जण करत नाहीत. पण पोलीस पाटील, ग्रामपंचायत, बँक, कुणीही विचारलं की हातात दाखवायला एक कागद असतो. आणि व्यवसाय काकूंच्या किंवा तुमच्या बायकोच्या नावाने करता आला तर त्याचाही विचार करा. 2023 मध्ये आलेल्या 'आई' या महिला केंद्रित पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळायची सोय आहे. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची मूलभूत नोंदणी लागते. लहान व्यवसायाला तिची फी किरकोळ पडते. आणि जेवण विकायला लागलात की घरचा लाल सिलिंडर त्यासाठी वापरायचा नाही, 19 किलोचा निळा घ्यायचा.

जीएसटीला लोक उगाच घाबरतात. सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणी करावी लागत नाही. तुमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या यजमानाची खोली मंचावरून गेली तर तिच्यावरचा कर मंचच भरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा दर 5 टक्के आहे. आयकर मात्र आहेच. पहिल्या दिवसापासून एक वही आणि वेगळं बँक खातं ठेवा. ते खातं कुणाचं असावं, यावर शेवटी येते.

कागद संपले. आता पाण्याकडे या. किनाऱ्यावरचा सगळा धंदा पाण्यावर उभा आहे, आणि मी समुद्राबद्दल बोलत नाही.

शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. समुद्रावर आलेला माणूस त्यात भागत नाही. तो सकाळी अंघोळ करतो, समुद्रावरून आला की करतो, आणि झोपण्याआधी खारट वाटतंय म्हणून पुन्हा करतो. मी माणशी 200 धरते. सहा पाहुणे म्हणजे 1,200 लिटर, त्यात स्वयंपाक, धुणं आणि घरचे मिळून 300. म्हणजे रोजचे 1,500, तेही अशा महिन्यात जेव्हा विहिरीत पाणी सगळ्यात कमी असतं. आमच्या दुसऱ्याच मे महिन्यात सलग पाच दिवस तिन्ही खोल्या भरल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी सातला पंपाचा आवाज बदलला. पाणी संपलेलं, पंप कोरडा फिरत राहिलेला, मोटार जळलेली. चौदा माणसं, आणि प्रत्येकाला नेमकं त्याच वेळी जायचं होतं. टँकर आला दुपारी एकला. तोवर शेजारच्या विहिरीवरून रहाटाने पाणी काढून आम्ही दोघं बादल्या वाहत होतो. पाहुण्यांतले दोन पुरुष मदतीला आले, बाकीचे ओटीवर बसून फोनवर काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते ते चार दिवसांनी वाचायला मिळालं.

तेव्हापासून दोन हजार लिटरची टाकी आणि पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारं यंत्र. एसीच्या निम्म्या पैशात हे होतं. त्याच यादीत सेप्टिक टाकी घाला. तुमची टाकी आजी-आजोबांच्या वेळी चार माणसांच्या हिशेबाने बांधलेली असणार. ती शेवटची कधी उपसली हे काकूंना ठाऊक नसेल, तर आधी उपसून घ्या आणि शोषखड्डा जिरतोय का ते बघा. तो पावसाळ्यात बघून उपयोगाचा नाही, तेव्हा सगळीच जमीन भरलेली असते.

आणि वाळू! ही गोष्ट कुणी सांगत नाही. समुद्रावरून आलेलं मूल खिशात, चड्डीत, केसांत मिळून मूठभर वाळू आणतं आणि ती सगळी न्हाणीघराच्या जाळीत जाऊन बसते. पहिल्या हंगामात आमचा प्लंबर दर पंधरा दिवसांनी यायचा, शेवटी तोच वैतागून म्हणाला, "वहिनी, बाहेर नळ काढा." अंगणात फाटकाजवळ चिऱ्याचा छोटा कट्टा, त्याला कमरेच्या उंचीवर एक नळ, पायाशी एक, खाली खडी. शेजारी दोरीवर चार जुने टॉवेल. खर्च किरकोळ. त्यानंतर नळी तुंबली नाही. शिवाय लोक त्या कट्ट्यावर बसून पाय धुता धुता गप्पा मारतात, त्याचे फोटो काढतात. माझ्या घराचा सगळ्यात जास्त पाहिलेला फोटो ओटीचाही नाही आणि झोपाळ्याचाही नाही, पाय धुण्याचा आहे.

गाद्यांवर पैसे घाला, कापसाची जुनी गादी पाठीला बोचते. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच हवेत. एक पलंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. जून ते सप्टेंबर दोरीवरचं वाळतच नाही, तेव्हा चार. पांढऱ्या चादरी दिसतात छान, पण आमच्याकडे सोलकढी आहे, आंब्याचा रस आहे, ओल्या काजूचा चीक आहे. मी फिकट चौकड्याच्या घेते. इन्व्हर्टर पंखे आणि दिवे चार तास चालवेल एवढा घ्या, कारण पहिल्या वळवाबरोबर लाइन जाते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यात कित्येक आठवडे वीज नव्हती, पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या होत्या. तेवढ्यासाठी कुणी तयारी करू शकत नाही, रोजच्या तीन तासांसाठी करता येते. एसी पहिला हंगाम बघून ठरवा. लावलात तर आधी घराचा मंजूर वीजभार आणि जुनी वायरिंग तपासून घ्या. कौलारू घरात बिनमाळ्याच्या खोलीला एसी लावणं म्हणजे अंगण थंड करणं आहे.

खोली तयार झाली की त्यात स्वतः दोन रात्री झोपा. नवरा-बायको दोघंही, पाहुण्यांसारखे, स्वतःची बॅग घेऊन. फोन चार्ज करायला पलंगाजवळ जागा आहे का, रात्री उठलं तर दिव्याचं बटण सापडतं का, न्हाणीघरात कोरडे कपडे टांगायला खुंटी आहे का. आम्ही दोन वर्षं खुंटीशिवाय काढली आणि लोक सलवार ओली होऊ नये म्हणून गिझरच्या पाइपवर टाकत होते.

मग फोटो. सकाळी आठ ते दहा, दारं-खिडक्या उघडून, साध्या फोनवर. खोलीचा आहे तो आकार दिसू द्या. खोली नाचण्याच्या दालनासारखी दिसेल असले फोटो काढलेत की आलेला माणूस दारातच हिरमुसतो, आणि तिथून पुढे त्याला सगळंच खुपतं. वर्णनात खोट आधी लिहा. आमच्या वर्णनात चौथी ओळ अशी आहे: "शेजारचा कोंबडा पहाटे चारला आरवतो आणि तो आमचं ऐकत नाही." ही ओळ घालायच्या आधी कोंबड्याबद्दल तीन तक्रारी आल्या होत्या. नंतर आली नाही, उलट मुलं आल्या आल्या तो कोंबडा बघायला जातात. तुमच्या घरापासून समुद्र चालत बारा मिनिटं असेल तर बारा लिहा, "हाकेच्या अंतरावर" लिहू नका. शौचालय खोलीला लागून नसेल, मागच्या पडवीत जावं लागत असेल, तर तेही लिहा आणि त्याचाही फोटो टाका. पत्ता टाकल्यावर नकाशावरची खूण स्वतः गाडी चालवत जाऊन तपासा. आमची खूण पहिले सहा महिने दोन घरं पलीकडे होती, आणि तिथल्या आजींनी एका कुटुंबाला चहा पाजून मग आमच्याकडे पाठवलं होतं.

दराचं गणित स्वतःच मांडा, शेजाऱ्याचा दर बघून ठेवू नका. माझं असं पडतं. खोली 1,800 रुपये. मंचाचं कमिशन मी 15 टक्के धरते, म्हणजे 270. (काही मंच यजमानाकडून थोडं आणि पाहुण्याकडून वेगळं घेतात, काही सगळं यजमानाकडूनच. कराराची ती ओळ नीट वाचा.) धुलाई 150, सफाईच्या बाईला 250, वीज 120, साबण-चहा वगैरे 80. हातात 930 राहतात. आमची एक खोली वर्षाला शंभरेक रात्री भरते: दिवाळीची सुट्टी, नाताळ ते 1 जानेवारी, जोडून आलेले शनिवार-रविवार आणि मे. तुमच्या दोन खोल्या तशाच भरल्या तर वर्षाचे 1,86,000, तेही जेव्हा नाव होईल तेव्हा. पहिल्या वर्षी निम्मे धरा. आता त्या पाच-सहा लाखांकडे परत बघा. मी म्हणेन, टाकी, न्हाणीघर, गाद्या, इन्व्हर्टर आणि बाहेरचा नळ एवढं दीड-दोन लाखांत बसवा, दोनच खोल्यांनी सुरू करा, माडी पुढच्या वर्षी. कमाई झाली ती जेवणाने होते, खोलीने नव्हे.

जेवणात हॉटेल बनू नका. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, म्हणून मासळीचं जेवण शेजारणीकडून येतं. ती हर्णै बंदरावरच्या लिलावातून आणते आणि भाव बघून ताटाचा दर सकाळी सांगते, मी तोच पाहुण्यांना सांगते, माझं वर काही नाही. आमच्याकडे आंबोळी, घावन, कुळथाचं पिठलं, बिरड्याची उसळ, फणसाची भाजी, चतुर्थीला मोदक. सकाळी दहाच्या आत सांगितलं तर दुपारचं जेवण, चारच्या आत सांगितलं तर रात्रीचं. मेनू कार्ड नाही. आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत "ताजी सुरमई मिळेल" असं कुणी सांगितलं तर ती बर्फातली असते, एवढं पाहुण्याला खरं सांगा. मांदिवलीच्या पलीकडे मंडणगड तालुक्यात वेळासला कासव महोत्सवामुळे घराघरांत पाहुणे उतरू लागले, तेही असंच: माणशी दर ठरलेला, घरचं साधं जेवण, आणि घरची माणसं ताट वाढायला समोर. तिथे एकदा राहून या, शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल. जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा.

येणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचं ओळखपत्र बघा आणि नोंदवहीत लिहा: नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, गाडीचा नंबर, सही. आधारची प्रत देणारा शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत देत असेल तर ती चालते, पूर्ण आकड्यासाठी अडून बसू नका. परदेशी नागरिक आला तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, तो मित्राचा मित्र असला तरी. लग्न न झालेल्या जोडप्याचं काय, हा प्रश्न मला सगळे कुजबुजत विचारतात. दोघं सज्ञान, दोघांची ओळखपत्रं ठीक, विषय संपला. काकूंना पटत नसेल तर ते आधीच ठरवून वर्णनात लिहा. रात्री नऊला दारात आलेल्या जोडप्याला परत पाठवणं हा नीचपणा आहे. दारू, स्पीकर, वाढदिवसाचे फटाके यांचेही नियम आधीच लिहून ठेवा. रात्री दहानंतर स्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, ते सांगायला यजमानाने लाजू नये.

फसवणुकीबद्दल एक. पहिल्याच महिन्यात तुम्हाला फोन येईल: "मैं आर्मी से बोल रहा हूँ, आठ लोगों का बुकिंग चाहिए, पूरा पेमेंट अभी भेजता हूँ." मग एक क्यूआर कोड येईल आणि तो स्कॅन करून पिन टाका म्हणेल. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे वाक्य काकूंच्या फोनच्या मागे चिकटवून ठेवा. खऱ्या बुकिंगला निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि रद्द केल्यास किती परत, हे त्याच संदेशात लिहा. दोन मंचांवर असाल तर दोन्हीकडची कॅलेंडरं एकमेकांना जोडा, शिवाय भिंतीवर कालनिर्णय लटकवून त्यावर पेनाने लिहा. एका 31 डिसेंबरला एकाच खोलीसाठी आमच्याकडे दोन कुटुंबं उभी राहिली होती. दुसऱ्याला आम्ही आमची झोपायची खोली दिली आणि आम्ही माजघरात सतरंजीवर नवं वर्ष साजरं केलं.

समुद्राला हलकं घेऊ नका. दर वर्षी कुणीतरी पुळणीवर गाडी घालतं, फिरवता फिरवता चाकं रुततात आणि भरती आली की ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. गाडीचं एक वेळ जाऊ दे, माणसं बुडतात. आमच्या ओटीवर एक फळा आहे. त्यावर रोज सकाळी सासरे खडूने भरतीची वेळ लिहायचे, आता मी लिहिते. हिशेब गावातल्या पोरालाही येतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. सकाळी तशीच संध्याकाळी, आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. पाहुणे आधी हसतात, मग फोनवर तपासतात, मग दुसऱ्या दिवशी मुलांना पंचांग बघायला लावतात. काकूंना हे नक्की येत असणार. विहिरीला कठडा आणि जाळी, पायवाटेला दिवा, प्रत्येक खोलीत एक विजेरी, आणि रात्री चपलेशिवाय बाहेर पडू नका असा स्पष्ट बोर्ड, कारण आमच्या चिऱ्यांत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. जवळचं सरकारी रुग्णालय आणि ओळखीचा रिक्षावाला, दोघांचे नंबर दाराच्या आतल्या बाजूला लावा.

पहिले पाच अभिप्राय मित्रांकडून लिहवून घेऊ नका, ते कळतं. मित्रांना बोलवा, पण पैसे घेऊन, आणि त्यांना सांगा की उणंदुणं आम्हाला तोंडावर ऐकवा. वाईट अभिप्राय आला तर एक रात्र थांबून उत्तर द्या. त्या पंप जळाल्याच्या वेळचं आमचं उत्तर दोन ओळींचं होतं: पाणी संपलं हे खरं आहे, टाकी आणि पंप बदलले आहेत, त्या दिवसाचे पैसे परत केले आहेत. हे वाचून आलो, असं नंतर दोन कुटुंबांनी सांगितलं.

आता खात्याचं. पैसे काकूंच्या खात्यात जाऊ द्या, निदान निम्मे तरी. तुम्ही पुण्यातून कॅलेंडर सांभाळाल, कर भराल, चादरी घेऊन याल. पण मऊ भात त्या करणार आहेत. महिन्याच्या शेवटी पासबुकात आकडा दिसला की परक्या माणसांचा पसारा काकूंना पसारा वाटत नाही. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी पाहुण्यांशी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही न्याहारीचे पैसे त्यांच्या नावावर टाकायला लागलो. तिसऱ्या वर्षी त्या पाहुण्यांना घावन पलटायला शिकवत होत्या, आणि माझ्यापेक्षा त्यांचीच चौकशी जास्त व्हायला लागली.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा काकूंना एवढं विचारा की मे महिन्याच्या अखेरीला विहिरीला किती हात पाणी असतं. दोरी सोडून मोजून घ्या. तो आकडा कळवा, मग दोन खोल्या की एक, ते सांगते.